सुरू नव्हे, पाटफणस

मोरजीला किंवा केरीला, पेडण्याच्या किनाऱ्यावर आलेला पाहुणा सुरूच्या बनात उभा राहतो आणि 'काय मस्त पाइन!' म्हणतो. त्याला तरी दोष कसा द्यावा? सुईसारखी हिरवी काडी आणि पायाखाली बोंडे, फसायला एवढे पुरते. पण सुरू पाइनच्या गोतातला नाही आणि मूळचा इथलाही नाही. वाळू अडवायला लावलेला परका आहे तो. दक्षिण भारताचा स्वतःचा सूचिपर्णी म्हणावा असा वृक्ष एकच, नागेइया वॉलिचियाना. गंमत म्हणजे त्याची पाने चांगली रुंद असतात! तो राहतो केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत.

आपल्या सदाहरित रानातले, पोटाला फळ आणि घराला वासा देणारे झाड पाहायचे तर डिचोली तालुका मागे टाकून वाळवंटीच्या उगमाकडे, सत्तरीत चढावे. तिथे पाटफणस आहे. कुणी रानफणसही म्हणतात. कूळ वड-उंबराचे, नाते फणसाचे. पण परसातला फणस बुंध्याला लगडतो, तर हा फळे धरतो उंच फांद्यांवर. झाड तीस-पस्तीस मीटर सहज जाते. त्यामुळे पहिला वाटा माकडांचा नि शेकरूचा. आपल्याला मिळते ते खाली पडलेले. फळ संत्र्याएवढे, काटेरी, पिकल्यावर पिवळे-नारिंगी. आतले गरे बोटाच्या पेराएवढे, आंबटगोड, आणि दरेकात एक आठळी. ती भाजून खावी. फणसासारखाच चीक हाताला चिकटतो, तेव्हा खोबरेल जवळ असू द्या.

खरी कीर्ती मात्र लाकडाची. केरळात हा 'आंजिली'. तिथल्या शर्यतीच्या लांबलचक सर्पनौका याच्याच. पिवळसर तपकिरी लाकूड, वाळवी सहसा लागत नाही, खाऱ्या पाण्यातही टिकते. टिम सेव्हरिन या दर्यावर्दीने जुन्या अरबी पद्धतीचे 'सोहार' गलबत ओमानात बांधले, तेव्हा फळ्या मलबारातून याच झाडाच्या नेल्या. फळ्यांना खिळा नाही. सगळे काथ्याने शिवलेले. नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघालेले ते गलबत जुलै १९८१ मध्ये चीनच्या कँटनला लागले.

एवढे गुण अंगी असून हा बागायतीत क्वचितच दिसतो. लाकूड चांगले म्हणून तोडला जातो आणि फळाला बाजार नाही म्हणून लावला जात नाही. त्यात आठळीचा जीव अल्प. वाळवून डब्यात ठेवली की गेलीच.

तेव्हा मे-जूनमध्ये रानवाटेवर पिकलेला पाटफणस सापडला, तर गरे खाऊन सगळ्याच आठळ्या भाजू नका. चार धुऊन त्याच आठवड्यात ओल्या मातीत टाका.