घरबसल्या गगनविहार

माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावरून दूर जाणारे विमान पाहून, आपणही ते चालवावे असे कोणत्या मुलाला वाटत नाही? या इच्छेला जमिनीवरच वाट दाखविली ती एडविन लिंक या अमेरिकन तंत्रज्ञाने. वडिलांच्या कारखान्यात ऑर्गन तयार होत. त्यांतील भात्यांच्या साहाय्याने त्याने १९२९ साली कलणारे, वळणारे शिकाऊ विमान बनविले. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक अशा यंत्रांवर शिकले.

पुढे संगणकावर लढाऊ विमानांचे खेळ आले. तरुणांना आकृष्ट करण्यासाठी भारतीय हवाई दलानेही २०१९ साली मोबाइलवर असा खेळ आणला. परंतु पडद्यावर एका वेळी एकच बाजू दिसते. मागे पाहावयाचे तरी कळ दाबावी लागते. तेवढ्यात शत्रू निसटतो आणि नवखा खेळाडू कंटाळून खेळ सोडतो.

आभासी वास्तवाचा चष्मा ही अडचण दूर करतो. तो दोन्ही डोळ्यांना किंचित निराळी चित्रे दाखवितो, म्हणून जवळचे व दूरचे स्पष्ट कळते. मान वळविताच दृश्यही वळते. मान वळविणे कोणाला शिकवावे लागत नाही! म्हणूनच नवख्यांना हा खेळ सोपा वाटू शकतो. मात्र डोळ्यांना वेग भासतो आणि शरीर स्थिर असते. या विसंगतीने काहींना भोवळ येते. यास्तव आरंभी थोडाच वेळ खेळावे. चष्मा आकाशाची ओढ लावील. कौशल्य मात्र सरावानेच येईल.