‘इंजिनात पाणी गेले’ : एका वाक्याचा आणि एका बिघाडाचा विचार

खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी तेथील चक्रे फिरवून पाताळगंगेत उतरते आणि नदीबरोबर धरमतरच्या खाडीस मिळते. ह्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला बोरघाट चढणाऱ्या मालमोटारी, तर खालच्या अंगाला रेवस-करंजाच्या मच्छीमार होड्या. इंजिन बिघडले म्हणजे दोन्हीकडे एक वाक्य ऐकू येते : ‘इंजिनात पाणी गेले.’

‘कानात पाणी गेले’, ‘डोळ्यात कचरा गेला’ ह्यांच्याच जातीचे हे वाक्य होय. वस्तू आत पोहोचली एवढेच ते सांगते. ती कोणत्या वाटेने आली, ह्याविषयी ते मुके असते. दुरुस्ती करणाऱ्यास मात्र नेमकी ती वाटच हवी असते. ह्या दृष्टीने ‘इंजिन पाणी खाते’ हा दुसरा प्रयोग अधिक उपयुक्त ठरतो. वाळवी लाकूड खाते, त्याप्रमाणे येथेही ‘खाणे’ म्हणजे साठा घटणे. घाटात तापलेल्या मालमोटारीच्या हेडचे गॅस्केट जळाले की रेडिएटरमधील पाणी सिलिंडरमध्ये शिरते, पांढरा धूर निघतो आणि रेडिएटरची पातळी उतरते. घट दिसते, म्हणून वाटही सापडते.

होडीची अडचण येथेच आहे. जे इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड केले जाते, त्याने कितीही पाणी ‘खाल्ले’ तरी समुद्र कमी होत नाही. तेव्हा तांडेलास विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘केव्हा’ हा होय. इंजिन चालू असताना शक्ती घटली आणि पांढरा धूर येऊ लागला, तर संशय गॅस्केटवर किंवा तडकलेल्या हेडवर घ्यावा. होडी नांगरावर उभी असता, अथवा इंजिन सुरू होईना म्हणून स्टार्टर पुनःपुन्हा दाबल्यावर ते अडकले, तर धुराची नळी पाहावी. ज्या होड्यांत थंड करणारे पाणी धुराबरोबर बाहेर टाकले जाते, तेथे स्टार्टर फिरेल तोवर पंप नळीत पाणी ओततच राहतो. ते बाहेर ढकलावयास धुराचा जोर नसतो, आणि ते उघड्या झडपेतून मागे सिलिंडरमध्ये उतरते.

अडकलेल्या इंजिनाचा स्टार्टर पुन्हा दाबणे ही सर्वांत महाग चूक. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्यास जोडलेला दांडा वाकतो. प्रथम नॉझल काढून इंजिन हाताने फिरवावे. एका किंवा शेजारच्या दोन सिलिंडरांतून पाणी उडाले तर गॅस्केट, बहुतेक सर्वांतून उडाले तर धुराची नळी, असा सामान्य अंदाज बांधता येतो.

त्यानंतर ऑइल पाहावे. पट्टीवरील पातळी वर चढली असेल आणि रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. थोडे मिसळले असल्यास त्याचा थेंब तापलेल्या पत्र्यावर तडतडतो. (पावसाळ्यात केवळ झाकणाखाली पांढरट फेस दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तो पुष्कळदा दमट हवेचा असतो.) सिलिंडर कोरडे आणि ऑइल मात्र दुधाळ, असे असेल तर ऑइल थंड करणाऱ्या नळ्या कुजल्या आहेत काय ते तपासावे.

इंजिनात गोड्या पाण्याची वेगळी टाकी असेल, तर खारे की गोडे हा प्रश्न निर्णायक ठरतो. चव घेऊन तो सोडवू नये. रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेले द्रव्य विषारी असू शकते. निथळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. समुद्राचे पाणी असल्यास दह्यासारखा दाट पांढरा साका बसतो. गोडे पाणी फार तर किंचित गढूळ होते.

खारे पाणी निघाले तर उद्यावर टाकू नये. गंज धरण्यापूर्वी सिलिंडर रिकामे करून त्यांत ऑइल सोडावे, खालचे सर्व ऑइल काढून नवे भरावे, वाट बुजविल्यावर इंजिन थोडा वेळ चालवावे आणि तेही ऑइल बदलावे. दुधाळपणा नाहीसा होईपर्यंत हा क्रम दोन-तीनदा करावा लागतो.