मोटारींतील विजेचे दोष

वैशाखांतील एखाद्या पहांटेचा प्रसंग कल्पावा. बीड जिल्ह्यांतील घाटनांदूर या गांवीं एका घरांतील वृद्ध गृहस्थांच्या छातींत कळ येते. गांव परळी व लातूर रोड यांमधील लोहमार्गावर असलें, तरी आगगाडीची वाट पाहण्यास सवड नाहीं. मोठें रुग्णालय आहे तें अंबाजोगाईस. दारांतल्या मोटारींत त्यांना बसविलें जातें, मुलगा किल्ली फिरवितो, आणि उत्तर येतें तें एवढेंच: ‘टक्’. पुन्हां किल्ली, पुन्हां ‘टक्’. शेजाऱ्याची जीप मिळते म्हणून वेळ निभावते. दुपारीं घरांत सर्वांचें एकमत होतें कीं, बॅटरी संपली. नवी बॅटरी येते, गाडी सुरू होते, आणि आठव्या दिवशीं पुन्हां तेंच ‘टक्’.

प्रसंग कल्पित खरा, परंतु मोटार बाळगणाऱ्या घरांना तो अगदीं अनोळखी वाटणार नाहीं. त्यांत चूक झाली ती अशी कीं, बॅटरीस दोषी ठरविलें, पण तिची साक्ष कोणींच घेतली नाहीं. विजेचा दोष अंदाजानें नव्हे, तर क्रमानें व मापानें शोधावयाचा असतो. आणि त्यासाठीं एक साधा मल्टिमीटर व थोडा धीर एवढें भांडवल पुरतें.

प्रथम वीज मोटारींत कशी फिरते तें ध्यानांत घेतलें पाहिजे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह दिव्यांतून किंवा सेल्फमधून जाऊन ऋण टोकाशीं परत आला, तरच काम होतें. या परतीसाठीं बहुतेक ठिकाणीं लांब तार ओढलेली नसते. गाडीचें पोलादी अंग हीच परतीची वाट होय. बॅटरीचें ऋण टोक एका जाड तारेनें अंगाशीं, आणि अंग दुसऱ्या एका पट्ट्यानें इंजिनाशीं जोडलेलें असतें. मिस्त्री लोक या वाटेस ‘अर्थ’ म्हणतात. वर्तुळाचा हा अर्धा भाग डोळ्यांआड असल्यामुळें दोष शोधतांना त्याचाच विसर पडतो.

आतां प्रश्न असा कीं, वाट खराब असेल तर दिवे कसे लागतात? याचें उत्तर जॉर्ज ओहम यानें १८२७ मध्यें मांडलेल्या नियमांत आहे. सांध्यावर गंज चढून तेथें केवळ ०.०२ ओहम इतका अडथळा उत्पन्न झाला, असें समजूं. अर्ध्या अँपिअरचा लहान दिवा त्या वाटेनें लावला, तर सांध्यावर शतांश व्होल्टच गळतो. दिव्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु सेल्फला इंजिन फिरविण्यासाठीं दीडशें अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह जाऊं लागतांच त्याच सांध्यावर तीन व्होल्ट गळतात, आणि गंज आणखी वाढला कीं सेल्फ जागचा हालत नाहीं. मळ्यांतील पाट गाळानें भरला, तरी भाजीच्या वाफ्यापुरतें पाणी झिरपत येतें. उंसाला पाणी द्यावयास गेलें म्हणजे मात्र खरी स्थिति उघडी पडते. वाईट सांध्याची परीक्षा तेवढ्यासाठीं प्रवाह जोरांत चालू असतांनाच घ्यावयाची.

परीक्षेचा क्रम असा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावावा. बॅटरींत सहा घरें असून प्रत्येक घर सुमारें २.१ व्होल्ट देतें; म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. १२.४ म्हणजे सुमारें पाऊण भरलेली, आणि १२ म्हणजे बरीचशी रिकामी. नंतर गिअर मोकळा ठेवून व हातब्रेक ओढून दुसऱ्या कोणी किल्ली फिरवावी आणि कांटा किंवा आंकडा पाहावा. तो साडेनऊच्या खालीं कोसळला, तर बॅटरी दुबळी किंवा उतरलेली आहे. परंतु तो बाराच्या जवळपास राहिला आणि सेल्फ मात्र ‘टक्’ करून थांबला, तर बॅटरी निर्दोष आहे. वाट अडली आहे, किंवा सेल्फच बिघडला आहे.

या दोहोंतील निवाडाही मीटरच करतो. त्याची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी आणि किल्ली फिरवावी. आंकडा अर्ध्या व्होल्टहून कमी असेल, तर परतीची वाट ठीक. तो दोन-तीन किंवा अधिक व्होल्ट दिसला, तर इंजिनावरील सुई उचलून गाडीच्या अंगावर टेकवावी. आतां आंकडा नाहींसा झाला, तर दोष अंग व इंजिन यांमधील पट्ट्यांत आहे. तसाच राहिला, तर तो बॅटरीपासून अंगापर्यंतच्या तारेंत आहे. धन खुंटापासून सेल्फपर्यंतची वाटही याच रीतीनें तपासतां येते. दोन्ही वाटा निर्दोष निघाल्या, तरच सेल्फ खोलण्यास हात घालावा.

गाडी चालू असतांना बहुतेक गाड्यांत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी दिसल्यास अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे कीं काय, हें आधीं पाहावें. दिवसा सुरू होणारी गाडी रात्रभर उभी राहून उतरत असेल, तर कोठें तरी चोरटा प्रवाह वाहत आहे. ऋण तार काढून तिच्या व खुंटाच्या मध्यें मीटर अँपिअरवर लावावा आणि गाडींतील संगणक शांत होईपर्यंत कांहीं वेळ थांबावें. मात्र या स्थितींत किल्ली फिरवूं नये. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य होय. अर्धा अँपिअर गळत असेल, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांतच रिकामी होईल. एकेक फ्यूज काढीत जावें. ज्या फ्यूजनें आंकडा खालीं येतो, त्याच्या शाखेंत चोर आहे.

फ्यूजसंबंधीं एक ताकीद अवश्य आहे. फ्यूजचे रंग उगाच नसतात: तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा व हिरवा ३० चा. वितळलेल्या फ्यूजच्या जागीं मोठा फ्यूज, तार किंवा चांदीचा कागद घालणें म्हणजे पहारेकऱ्यास निजवून घर उघडें टाकणें होय. मग फ्यूजऐवजीं तार जळते, आणि प्रसंगीं गाडीही. बॅटरींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून तेथें ठिणगी पडूं देऊं नये. हातांतील अंगठी उतरावी. काढतांना ऋण तार प्रथम व लावतांना ती शेवटीं. इंजिन चालू असतांना बॅटरी कधींही सोडूं नये, नाहीं तर संगणकास इजा पोंचेल.

हा संगणक दोषाचा संकेतांक देतो, आणि पुष्कळ लोक त्यालाच निदान समजतात. संकेतांक कोणत्या शाखेंत तक्रार आहे एवढेंच सांगतो. तार तुटली, सांधा गंजला कीं भाग बिघडला, याचा निर्णय मीटरच देतो.

सेल्फ कॅडिलॅक गाडींत १९१२ मध्यें बसला, तो चार्ल्स केटरिंग याच्या कल्पकतेमुळें. त्यानंतरही पुष्कळ वर्षें जुन्या गाड्यांत अडचणीसाठीं हँडल असे. आजच्या गाडींत तें नाहीं. म्हणून तारांची व सांध्यांची काळजी हाच घरचा आधार. मराठवाड्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशांत बॅटरी लवकर झिजते, हें खरें. पण झिजण्याचा संशय म्हणजे पुरावा नव्हे.

कल्पिलेल्या त्या घराकडे शेवटीं पुन्हां वळूं. तेथें इंजिनाचा पट्टा सोडवून त्याचीं दोन्ही टोकें काचकागदानें घासावयाचीं, बोल्ट घट्ट करावयाचा आणि वर थोडें व्हॅसलीन लावावयाचें, एवढेंच काम होतें. अर्ध्या तासाचें हें काम निवांत दुपारीं झालें असतें, तर त्या पहांटे शेजाऱ्याच्या दारीं धांवावें लागलें नसतें.