पाम तेल आणि पोटातली चरबी
कुंभकोणमच्या ज्या घरांत तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीपासूनची मराठी अद्याप बोलली जाते, तेथेही शिधापत्रिकेवर सवलतीचे पाम तेल येते आणि संध्याकाळी त्यात वडे फुगतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ तरुणांपैकी काहींना पाम तेलाचे, इतरांना सूर्यफूल तेलाचे मफिन सात आठवडे खाऊ घातले असता, वजन उभयपक्षी सारखेच, सुमारे १.६ किलो, वाढले. परंतु पाम तेलातील संपृक्त स्निग्धांशामुळे यकृतात व आतड्यांभोवती चरबीचा संचय अधिक झाला, तर सूर्यफुलाच्या पक्षात चरबीविरहित मांसाचा हिस्सा मोठा ठरला. वजनकाट्याला हा भेद कळत नाही. यकृताला मात्र कळतो, आणि मधुमेहाचा धोका तेथूनही वाढतो.