बटणं दोन, पण क्लचचं काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यावरची चर्चा ग्रॅच्युइटी, कामाचे तास आणि हातात पडणारा पगार याभोवतीच फिरत राहिली. कामगारांच्या बोटांचा विषय त्यात जवळपास आलाच नाही.

गुरुग्राम-मानेसरच्या वाहन-सुटेभाग पट्ट्यात जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. बोटं गमावलेल्या कामगारांच्या या नोंदींत एक यंत्र पुन्हा पुन्हा पुढे येतं, ते म्हणजे पॉवर प्रेस. एका फटक्यात पत्र्याला आकार देणारी ही प्रेस भोसरी-चाकणच्या छोट्या शेडमध्येही सर्रास दिसते. हात डायमध्ये, म्हणजे साच्यात पत्रा ठेवतो, पाय पेडल दाबतो. हात बाहेर येण्याआधी पाय पडला, की बोटं गेली.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. पेडल काढायचं आणि दोन बटणं बसवायची, म्हणजे दोन्ही हात डायपासून दूर गुंतलेले राहतात. आयएसओ १३८५१ या मानकाने त्यातल्या पळवाटाही बुजवल्या आहेत. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली पाहिजेत, पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सुटली पाहिजेत आणि एका पंजात मावू नयेत म्हणून त्यांच्यात किमान २६० मिलिमीटर अंतर हवं. एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं, तर अशी प्रेस चालतच नाही. नगावर पैसे मिळत असतील आणि सुपरवायझर तासाचा आकडा मागत असेल, तर चिकटपट्टी लागणारच. म्हणून ती निरुपयोगी ठरवण्याचं काम सर्किटनेच केलं पाहिजे. कामगाराला सावधपणाचे धडे देऊन ते होत नाही.

बटणं डायपासून किती लांब असावीत, याचंही गणित आहे. हाताचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. बटण सोडल्यावर प्रेस थांबायला ०.३ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४८० मिलिमीटर पुढे जातो. त्यात सुरक्षिततेसाठी आणखी २५० मिळवायचे. म्हणजे ७३० मिलिमीटरच्या आत बसवलेलं बटण फसवं संरक्षण देतं.

पण या हिशेबात प्रेस मध्येच थांबू शकते, हे गृहीत धरलेलं आहे. इथेच खरी मेख आहे. छोट्या शेडमधल्या कित्येक जुन्या प्रेस पिन क्लचच्या असतात. हा क्लच एकदा गुंतला, की क्रँकशाफ्टची फेरी पूर्ण होईपर्यंत स्लाइड, म्हणजे वरून खाली येणारा भाग, थांबत नाही. बटण सोडा, किंचाळा, लाल इमर्जन्सी बटणावर पंजा मारा, तो स्ट्रोक खाली येणारच. हात मध्ये येताच यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदाही इथे कुचकामी. अमेरिकेच्या नियमांत अशा प्रेसवर त्याला मनाईच आहे. पिन झिजली, तर कोणी काही न दाबताही दुसरा स्ट्रोक पडू शकतो. अशा प्रेसवर दोन बटणं लावून ‘सुरक्षा केली’ असं लिहिणं धोकादायक आहे. तिथे बोट आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा, नाहीतर वायवीय घर्षण-क्लच आणि ब्रेक असलेली, मध्येच थांबू शकणारी प्रेस.

शिवाय दोन बटणं फक्त ती दाबणाऱ्याचे हात वाचवतात. समोरून पत्रा ओढणाऱ्या हेल्परचे हात मोकळेच राहतात.

रोबोटला हालचाल शिकवताना हातात धरायच्या पेंडंटवरचा स्विच माणसाच्या स्वभावाच्या बाबतीत अधिक शहाणा आहे. दचकलेला माणूस एकतर हात सोडतो, नाहीतर मूठ घट्ट आवळतो. म्हणून त्या स्विचला तीन अवस्था असतात आणि फक्त मधल्या अवस्थेत रोबोट हलतो. माणूस घाबरणार, हे इथे आधीच मान्य केलेलं आहे.

कायदा मात्र उलट दिशेने सरकला आहे. १९४८च्या कारखाने कायद्यात वीज वापरणारा कारखाना ठरायला मुळात १० कामगार पुरत. नव्या संहितेत २० लागतात. पिन क्लचच्या प्रेस आहेत त्या नेमक्या याहून लहान शेडमध्ये. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के कमाईक्षमता गेली असं धरतात. प्रेसवर पुन्हा उभं राहावं लागणाऱ्या माणसासाठी हे आकडे फार तोकडे आहेत.

निरीक्षक प्रत्येक शेडपर्यंत पोहोचेल ही आशा व्यर्थ आहे. मोटारकंपन्यांचे गुणवत्ता तपासनीस मात्र तिथवर जातात आणि भागाची जाडी शतांश मिलिमीटरपर्यंत मोजतात. त्यांच्या तपासणी यादीत क्लचचा प्रकार आणि प्रेस थांबायला लागणारा वेळ, या दोन नोंदी सक्तीच्या करता येतील आणि पिन क्लचच्या उघड्या डायवर ठोकलेला भाग परत पाठवता येईल.