लकवा, ठणकणारा खांदा आणि 'फोटो'

डोंगरकडा गावचा लकव्याचा पेशंट नांदेडहून घरी येतो, तेव्हा पिशवीत सीटी किंवा एमआरआयची फिल्म असते. काही आठवड्यांनी लुळ्या हाताचा खांदा ठणकू लागतो. घरचे म्हणतात, "एमआरआय झालाय की, त्यात खांद्याचं काही निघालं नाही." निघणार कसं? तो एमआरआय डोक्याचा होता.

"लकवा आहे म्हटल्यावर दुखणारच," ही समजूत तर पेशंटवर अन्यायच करते. स्नायू ढिले पडले की दंडाचं हाड हाताच्या वजनानं खाली ओढलं जातं. खांद्याच्या टोकाखाली बोट दाबलं की खाच लागते. कधी सांध्याचं आवरण आखडतं, कधी स्नायूबंध सुजतो किंवा फाटतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी डॉक्टरांनी हात लावून खांदा तपासायला हवा. हाताचा पंजाही सुजला, तापला, चकाकू लागला, तर ते दुखणं वेगळंच. ते मुख्यतः तपासणीतूनच ओळखतात.

सगळ्यांत महागात पडतो तो हा गैरसमज: "फोटो नॉर्मल आला, म्हणजे खांद्यात काही नाही." एक्स-रेत हाड दिसतं, स्नायूबंध दिसत नाहीत. पेशंट पडला असेल तर एक्स-रे हवाच. पण खांदा उतरलाय का हे पाहायचं, तर पेशंटला बसवून, हात मोकळा सोडून फोटो घ्यावा. आडवं झोपवलं की सरकलेलं हाड पुष्कळदा जागेवर येतं आणि फोटो फसवतो.

सोनोग्राफी फक्त पोटाची आणि गरोदर बाईची, असंही नाही. खांद्याच्या सोनोग्राफीत तळहात वर करून मांडीवर ठेवतात, दंडाच्या पुढच्या स्नायूबंधाभोवती पाणी आहे का बघतात, हात हळूहळू फिरवून पाहतात, चांगल्या खांद्याशी ताडतात. किरणांचा प्रश्न नाही, पेसमेकर असला तरी चालते. मात्र सांध्यांची सोनोग्राफी सगळेच करत नाहीत. गाडी ठरवण्याआधी फोन करून विचारावं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे हे मशीन नोंदणीकृत केंद्राबाहेर सहसा नेता येत नाही, त्यामुळे पेशंटलाच जावं लागतं.

एमआरआय महाग, म्हणून तोच पक्का, असंही नाही. साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही स्नायूबंध फाटलेला दिसू शकतो. रिपोर्टातला शब्द आणि पेशंटचं दुखणं यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तपासणीला नेताना लुळा हात धरून ओढू नका, बगलेत हात घालून उचलू नका. गाडीत कोपराखाली उशी द्या.