‘सर्व्हर डाऊन’ आणि जोडणीविना पत्ताशोध

शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना म्हसावद लागतं. तिथल्या सेवा केंद्रात सातबारा उघडेना, की निष्कर्ष ठरलेला असतो: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ कधी ते खरं असतंही. पण महाभूलेखच्या सर्व्हरपर्यंत मागणी पोचण्याआधी एक पायरी असते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ हे नाव माणसांच्या सोयीचं. संगणकाला हवा असतो आकड्यांतला आयपी पत्ता. नावावरून तो शोधून देणारी निर्देशिका म्हणजे डीएनएस. हा शोध बहुतेक वेळा यूडीपी या प्रोटोकॉलवरून चालतो. यूडीपीत आधी जोडणी होत नाही: प्रश्नाचं एक पॅकेट जातं, उत्तराचं एक येतं, संपलं.

पायरी कुठे अडली ते पडद्यावर दिसतं. क्रोममध्ये ‘डीएनएस’ने सुरू होणारा त्रुटीसंदेश आला, तर नावावरून पत्ताच मिळालेला नाही; सातबाऱ्याचा सर्व्हर ठणठणीतही असेल. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आला, तर पत्ता मिळालाय पण पलीकडून प्रतिसाद नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तक्रार करण्याची ठिकाणंही वेगळी. हा फरक केंद्रचालकाला माहीत असला, तर मजुरी बुडवून आलेल्या माणसाची एखादी फेरी वाचते. म्हणून या जोडणीविना शोधाबद्दलचे काही समज तपासायला हवेत.

‘जोडणीविना म्हणजे बिनतारी.’ नाही. केबल जमिनीखालून आलेली असो की सिग्नल टॉवरवरून, त्याचा इथे संबंध नाही. टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये प्रश्न विचारण्याआधी दोन्ही बाजू तीन पॅकेटांची देवाणघेवाण करून संभाषण सुरू करतात; यूडीपी ते टाळतं, एवढाच अर्थ. नेटवर्क मंद असलेल्या भागात हा वाचलेला वेळ जाणवतो.

‘पोच नाही, मग पॅकेट हरवलं की काम बुडालं.’ हा समज सर्वांत पक्का आहे आणि चुकीचा आहे. यूडीपी पोचवण्याची हमी देत नाही हे बरोबर. पण हमीची जबाबदारी नाहीशी होत नाही, ती विचारणाऱ्याकडे येते. लिनक्समध्ये मूळ मांडणीनुसार संगणक पाच सेकंद वाट पाहतो आणि पुन्हा विचारतो. नुसता पत्ता विचारला असल्यामुळे तोच प्रश्न दोनदा गेला तरी काही बिघडत नाही. पैसे पाठवताना असं चालणार नाही. आधारची पडताळणीही जोडणी करूनच, कूटबद्ध मार्गाने होते. कामानुसार वाहन निवडलेलं आहे.

‘डीएनएस फक्त यूडीपीवर चालतं’ हेही अर्धसत्य. 1987च्या मानकात यूडीपीवरच्या उत्तराला 512 बाइटची मर्यादा होती. उत्तर मोठं असेल तर ‘तुटलं आहे’ अशी खूण येते आणि तोच प्रश्न टीसीपीवरून विचारला जातो. काही ठिकाणी फायरवॉल लावताना टीसीपीचं 53 क्रमांकाचं, डीएनएसचं पोर्ट ‘अनावश्यक’ म्हणून बंद करतात आणि मग काही मोजकी संकेतस्थळंच का उघडत नाहीत, हे कोडं होऊन बसतं.

‘सगळी निर्देशिका अमेरिकेतल्या 13 यंत्रांत आहे.’ तेरा ही मूळ सर्व्हरांची नावं आहेत. त्यांच्या हजाराहून अधिक प्रती जगभर चालतात, मुंबईतही. शिवाय मूळ सर्व्हरला सातबाऱ्याच्या संकेतस्थळाचा पत्ता ठाऊक नसतो. तो ‘इन’ कोण सांभाळतं एवढंच सांगतो, तिथून पुढे चौकशी खाली सरकते. मिळालेलं उत्तर ठरावीक काळ जवळ साठवलं जातं, त्यामुळे दरवेळी वरपर्यंत जावंच लागत नाही.

यूडीपीची खरी कमजोरी वेगळी आहे. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही कोणाचाही लिहावा, तसं यूडीपीत खोटा पत्ता घालून प्रश्न पाठवता येतो, आणि उत्तर त्या तिसऱ्याच्या माथी पडतं. कार्यालयातल्या लोकांची आणि संगणकांची यादी ठेवणाऱ्या एलडॅप निर्देशिकेचा असाच जोडणीविना प्रकार आहे, सीएलडॅप. त्याचं मानक 1995 साली आलं आणि 2003मध्ये ‘ऐतिहासिक’ ठरवून बाजूला काढलं गेलं. म्हणून तो संपला असं अनेक तंत्रज्ञही मानतात. पण विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत संगणक आपला डोमेन कंट्रोलर शोधताना आजही यूडीपीच्या 389 क्रमांकाच्या पोर्टवरून असाच छोटा शोध करतो. कार्यालयाच्या आत तो निर्धोक आणि उपयोगी आहे. तेच पोर्ट इंटरनेटकडे उघडं राहिलं, तर छोट्या प्रश्नाला 56 ते 70 पट मोठं उत्तर जातं. फेब्रुवारी 2020मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेवर सेकंदाला 2.3 टेराबिटचा मारा झाला, तो याच मार्गाने.

यूडीपी सरसकट बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं तर पत्ताशोधच थांबेल. विंडोज डोमेन चालवणाऱ्या कॉलेजने, बँकेने किंवा साखर कारखान्याने 389 बाहेरच्यांसाठी बंद ठेवावं. आणि आपल्या नेटवर्कमधून खोट्या पत्त्याची पॅकेटं बाहेर जाऊ न देणं हे सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचं काम आहे. तशी शिफारस 2000 सालापासून लेखी आहे.